नर्सिंग पास झालात, पुढे काय? गोव्यातल्या नव्या नर्सेसचे नेहमीचे प्रश्न

निकाल लागला की आठवडाभरात माझा फोन वाजू लागतो. साखळीहून, काणकोणहून, कधी दोडामार्गाहूनही. वॉर्डात बरीच वर्षं काढून मी शिकवण्याकडे वळले, त्यामुळे आता जुन्या विद्यार्थिनींच्या धाकट्या बहिणीही फोन करतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते. फॉर्मच्या तारखा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या बदलत राहतात आणि त्या कौन्सिलच्या नोटिशीतच बघाव्यात.

भारतात नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा कुठली? तिचा फॉर्म कधी निघतो?

अशी वेगळी परीक्षा आपल्याकडे नाही. विद्यापीठाची किंवा बोर्डाची शेवटची परीक्षा पास व्हायचं आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज करून रजिस्टरमध्ये नाव चढवून घ्यायचं. नाव चढलं की तुम्ही आरएन-आरएम, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. हेच आपलं लायसन्स. गोव्यात हे काम गोवा नर्सिंग कौन्सिल करतं.

गोंधळ होतो तो यूट्यूबमुळे. अमेरिकेतल्या मुली 'एनक्लेक्स पास!' (एनक्लेक्स म्हणजे तिकडची लायसन्सची परीक्षा) म्हणत उड्या मारताना दिसतात आणि आपल्या मुलींना वाटतं, आपलीही अशी एक परीक्षा राहिली आहे. ती नाही हे कळल्यावर दुसरी चूक होते. 'पास झाले, संपलं' म्हणून सर्टिफिकेट कपाटात ठेवलं जातं. आपल्याकडे परीक्षा होते ती कागदांची, आणि तिच्यात नापास होणाऱ्या हुशार मुली मी कमी पाहिलेल्या नाहीत.

पण कायदा बदलला म्हणतात ना?

हो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. वर राष्ट्रीय आयोग, खाली राज्यांचे आयोग, अशी त्याची रचना आहे. दर वर्षी कोणीतरी ग्रुपवर 'एक्झिट परीक्षा येणार' असं टाकतं आणि चार रात्री हॉस्टेल जागं राहतं. असं काही व्हायचं असेल तर ते राजपत्रात येईल, फॉरवर्डमध्ये नाही.

रजिस्ट्रेशनला कुठले कागद लागतात?

दहावीचं प्रमाणपत्र जन्मतारखेसाठी, बारावीचं गुणपत्रक, नर्सिंगच्या सगळ्या वर्षांची किंवा सेमिस्टरची गुणपत्रकं, पदवी किंवा प्रोव्हिजनल, कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, आधार, फोटो. यादी साधी दिसते. अडतं ते नावापाशी.

आमच्या गोव्यात नावाची भानगड जुनी आहे. एकाच गांवकर आडनावाचं रोमन स्पेलिंग कुठे 'के'ने, कुठे 'सी'ने, मध्ये कुठे 'ओ', कुठे 'यू'. प्रभुदेसाईत 'एस' एक की दोन, आणि दोन शब्दांत जागा सोडायची की नाही? आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एक, बापाच्या शाळेच्या दाखल्यात दुसरं, तुमच्या आधारवर तिसरं. शिवाय महाविद्यालयाच्या क्लार्कने घाईत वडिलांचं नाव गाळलं, की चौथं. इथल्या कौन्सिलच्या खिडकीवर समजून घेणारं माणूस भेटेलही. दुबईच्या पडताळणीत किंवा एनक्लेक्सच्या केंद्रावर समजून घ्यायला कोणी नसतं. पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात.

तेव्हा पहिल्या वर्षालाच सगळे कागद टेबलावर पसरून नाव अक्षर-अक्षर वाचा. बोर्डाच्या दाखल्यात चूक असेल तर ती पर्वरीला बोर्डाकडूनच दुरुस्त करून घ्यावी लागते. नाव खरंच बदलायचं असेल तर नाव व आडनाव बदलाचा गोव्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, त्याच्या रस्त्याने जावं लागतं. 'ती आणि ही व्यक्ती एकच' असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र तात्पुरती फट बुजवतं. त्याने दाखला बदलत नाही.

लग्नाचा प्रश्न मुली दबक्या आवाजात विचारतात. माझं मत विचाराल तर व्यवसायाचं नाव माहेरचंच ठेवा. सासरच्यांना वाईट वाटलं तर लग्नपत्रिकेत हवं ते छापू द्या. पदवी एका नावाची, रजिस्ट्रेशन दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या, हे गाठोडं घेऊन फिरणाऱ्या बायका मी ओळखते.

निकाल लागला आहे, रजिस्ट्रेशन यायचं आहे. नोकरी धरू का?

'ट्रेनी' म्हणून घेतात आणि अर्ध्या पगारात पूर्ण ड्युटी लावतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रजिस्ट्रेशन नसताना औषधाच्या चार्टवर सही तुमची पडते, हे मात्र विसरलं जातं. काही बिघडलं तर डॉक्टर, हॉस्पिटल आणि तुम्ही, या तिघांत कायद्याचं पाठबळ नसलेल्या तुम्हीच असता. शिवाय रजिस्ट्रेशनच्या आधीचा अनुभव पुढे बहुतेक ठिकाणी धरतच नाहीत. दीड-दोन महिने थांबावं लागलं तर थांबा. तेवढ्यात इंग्रजीची तयारी करा, चवथीचा चुरमा खा.

बीएस्सी, जीएनएम, एएनएम: कुठला कोर्स कशासाठी?

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमापासून आठ सेमिस्टरचं. बारावी विज्ञान, भौतिक-रसायन-जीवशास्त्र मिळून ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०, आणि इंग्रजीत वेगळं पास व्हावं लागतं. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, ४० टक्के आणि इंग्रजी हवं. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी, दोन वर्षांचं, आरोग्य उपकेंद्रातल्या कामासाठी. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं.

परदेशाचा विचार मनात असेल आणि बारावी विज्ञान असेल तर बीएस्सीच करा. घरची ओढाताण असेल तर जीएनएमला नाक मुरडू नका. मला इंजेक्शनची सुई नीट धरायला शिकवणाऱ्या सिस्टर जीएनएमच होत्या.

गोव्यात सरकारी जागा म्हणजे बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन. पदवी गोवा विद्यापीठाची. जागा मोजक्या आणि धडपडणारे पुष्कळ. प्रवेशाचे नियम तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती दर वर्षी नव्याने वाचायची, दीदीच्या वेळच्या माहितीवर जायचं नाही.

बांबोळीला नंबर लागला नाही. बेळगाव, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गात घेतलं तर चालेल?

चालेल, पण कॉलेज पारखून. प्रवेशाच्या वर्षाच्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव आहे का ते बघा. मागच्या वर्षी होतं म्हणून या वर्षी असेलच असं नाही. महाराष्ट्रात पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते. कर्नाटकात बहुतेक कॉलेजं बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाला जोडलेली आहेत.

मग हॉस्पिटल बघा. नियमाने नर्सिंग कॉलेजला स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल लागतं. कागदावर सगळ्यांकडे ते असतं. आईवडिलांना घेऊन सकाळी अकराला वॉर्डात चक्कर मारा आणि किती खाटांवर पेशंट आहेत ते मोजा. प्रसूती विभागात रात्री किती बाळंतपणं होतात ते तिथल्या आयाबाईला विचारा. ती माहितीपत्रकापेक्षा खरं सांगते.

पास झाल्यावर पहिलं रजिस्ट्रेशन ज्या राज्यात शिकलात तिथल्या कौन्सिलकडे होतं. मग तिथली एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेऊन ते गोव्यात वळवायचं. दोन कौन्सिलांच्या पत्रव्यवहारात महिने जातात, तेव्हा गोव्यातली नोकरीची जाहिरात यायची वाट बघत बसू नका, निकालानंतर लगेच अर्ज करा. आणि कॉलेजने मूळ दाखले अडकवून ठेवले तर यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेने त्याला मनाई आहे, हे प्राचार्यांना आठवण करून द्यायला लाजू नका.

आजारी पडले, हजेरी कमी झाली. काय होईल?

परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते. कारण काहीही असो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पदवी मिळण्यापूर्वी वॉर्डातली हजेरी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे शिगम्याला बुडवलेली ड्युटी सुट्टीत भरून काढायची. मुली यावर चिडतात, पण पुढे परदेशात तुमचं ट्रान्सक्रिप्ट तासांवरच मोजलं जातं. किती तास थिअरी, किती तास मानसोपचार, किती बालरोग. एका विषयात तास कमी दिसले तर तिथली संस्था तेवढ्यासाठी वेगळा कोर्स करायला लावते. आठ सेमिस्टर संपवायला जास्तीत जास्त आठ वर्षं मिळतात.

गोव्यात सरकारी नोकरीसाठी कोकणी लागते. आमचं शिक्षण मराठीत झालं, मग?

हा प्रश्न पेडणे, सत्तरी, डिचोलीकडून हमखास येतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं, कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास चांगलं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही वापर होतो. वाद घालायला कट्टे आहेत. नोकरी हवी असेल तर कोकणीच्या पेपरची तयारी करा. आपल्यातल्या बहुतेक घरांत बोलणं कोकणीच असतं आणि लिपी देवनागरी. फक्त हाताला लिहायची सवय नसते. महिनाभर कोकणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचा आणि रोज अर्धं पान लिहा. वॉर्डात तर आजीला 'पोटांत दुखता?' असंच विचारावं लागतं.

त्याखेरीज पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा मामलेदारांचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड लागतं. पदवीच्या आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर मामलेदार कचेरीत रांग असते.

गोव्याबाहेर जायची तयारी असेल तर एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा, द्या. बीएस्सी आणि रजिस्ट्रेशन असलं तर अनुभवाशिवाय बसता येतं. जीएनएम असेल तर पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातली दोन वर्षं लागतात. दोन टप्पे असतात आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. जागांत ८० टक्के महिलांना, २० टक्के पुरुषांना, त्यामुळे आपल्या ब्रदर लोकांना घाम जास्त गाळावा लागतो.

एकदा नाव चढलं की कायमचं ना?

नाही. पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं आणि त्या काळात १५० तासांचं सतत नर्सिंग शिक्षण दाखवायचं, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक आहे. कार्यशाळा, परिषदा, हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, जिथे जाल तिथलं क्रेडिटचं पत्र त्याच दिवशी मागून घ्या. शिवाय देशभराच्या नोंदवहीत आधारला जोडलेला एक राष्ट्रीय क्रमांक मिळतो, त्याला एनयूआयडी म्हणतात. तोही जपून ठेवा.

आखातात जायचं आहे. प्रोमेट्रिक म्हणजे काय?

प्रोमेट्रिक ही परीक्षा घेणारी कंपनी. परीक्षा ज्या-त्या देशाच्या आरोग्य खात्याची असते. दुबईची डीएचए, अबुधाबीची डीओएच, उरलेल्या अमिरातींची आरोग्य मंत्रालयाची. सौदीची वेगळी, ओमान आणि कतारची वेगळी. प्रश्न बहुपर्यायी असतात आणि बीएस्सी नीट केलेल्या मुलीला ते फारसे जड जात नाहीत. जड जातं ते डेटाफ्लो.

डेटाफ्लोमध्ये तुमचा प्रत्येक कागद मूळ ठिकाणी विचारून तपासला जातो. विद्यापीठाला पत्र, कौन्सिलला पत्र, जिथे काम केलं त्या हॉस्पिटललाही पत्र. माझ्या पहिल्या नोकरीचं अनुभवपत्र वीस खाटांच्या एका नर्सिंग होमने हाताने लिहून दिलं होतं, आणि रुजू झाल्याची तारीख चक्क एक वर्ष पुढची टाकली होती. मी वाचलंच नाही. पेढा खाऊन फाइलला लावलं. सात वर्षांनी गरज पडली तेव्हा ते नर्सिंग होम बंद झालेलं, डॉक्टर गेलेले, आणि ती जागा एका फर्निचरच्या दुकानाने घेतलेली. तो अनुभव माझ्या खात्यातून पुसला गेला. म्हणून नोकरी सोडताना पत्र लेटरहेडवर घ्या. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग, खाटांची संख्या, पूर्णवेळ होता हे, आणि सही करणाऱ्याचं पद, सगळं त्यात हवं. आणि ते तिथेच उभं राहून वाचा.

शिक्क्यांचंही बघा. ओमान, बहरीनला परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, चालतं. अमिरात आणि कुवेतला त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो.

इंग्लंडचं कसं?

तिथे एनएमसी म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल. आधी इंग्रजी. आयल्ट्समध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५. किंवा ओईटीत, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत, तिन्हींत 'बी' आणि लेखनात 'सी प्लस'. आपल्या मुलींना मी ओईटी सुचवते, कारण त्यात पेशंटचं रेफरल पत्र लिहायचं असतं, हवामानबदलावर निबंध नाही.

मग संगणकावरची सीबीटी, ती भारतात देता येते. तिचा पहिला भाग आकडेमोडीचा. ५०० मिलि सलाइन चार तासांत द्यायचं आहे, सेट मिलिला वीस थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. वॉर्डात आपण घड्याळाकडे बघून अंदाजाने चाक फिरवतो, तिथेच मार जातो. दुसरा भाग नर्सिंगच्या ज्ञानाचा.

शेवटी ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, ती इंग्लंडमध्येच जाऊन द्यावी लागते. दहा स्टेशनं असतात. हुशार मुली तिथे ज्ञानाने पडत नाहीत, सवयीने पडतात. आपल्याकडे तीन दिवस ओळखीच्या झालेल्या काकीला औषध देताना 'तुमचं नाव आणि जन्मतारीख सांगा' म्हणायचं मनातही येत नाही. काकीच म्हणेल, 'बाये, विसरलीस मला?' तिथे ते विचारलं नाही, ॲलर्जी विचारली नाही, हात धुतल्याचं दिसलं नाही, तर पुढचं सगळं बरोबर करूनही पालथ्या घड्यावर पाणी. आजपासून तुमच्या वॉर्डात तसंच करायला लागा. लोक हसतील, हसू द्या.

आणि अमेरिकेची एनक्लेक्स?

एनक्लेक्स-आरएन संगणकावर होते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे प्रश्न सोपे-अवघड होत जातात. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. संगणकाला खात्री पटली की तो थांबतो. ८५ वर थांबला म्हणजे पास आणि पुढे गेला म्हणजे नापास, असं काही नाही. एप्रिल २०२३ पासून नव्या धर्तीचे प्रश्न आले आहेत. एका पेशंटची पूर्ण हकीकत देतात आणि त्यावर सहा प्रश्न. पाठांतर कामाला येत नाही, 'चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जाल' हे ठरवता यावं लागतं. मुंबईला केंद्र आहे. नापास झालात तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. पास झाल्यावरही व्हिसाची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, तेव्हा इथली नोकरी सोडून बसू नका.

आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळेल. मग परीक्षा टळेल?

नाही. पासपोर्टने राहायचा आणि काम करायचा हक्क मिळतो, नर्सिंगचा नाही. युरोपात पदवी आपोआप मानली जाते ती युरोपात शिकलेल्यांची. तुमची पदवी भारतीय, म्हणजे त्या देशाची मान्यता आणि भाषा दोन्ही आलंच. जर्मनीत भाषेची बी-२ पातळी आणि मान्यतेसाठी परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण लागतं. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडलाही तो पासपोर्ट नव्याने जाणाऱ्याच्या कामाचा उरला नाही. उलट भारतीय नागरिकत्व जातं आणि त्याबरोबर गोव्यातली सरकारी नोकरी. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड, घेऊन खासगीत नर्सिंग करता येतं. घरात हा विषय निघाला की मामा जोरात बोलतात. तरी सही करण्याआधी हे सगळं मांडा.

एजंट तीन लाख मागतो. देऊ?

नको. भरती एजंटाला घेता येणारी जास्तीत जास्त फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. २०१५ मध्ये केंद्राने नियम केला की ईसीआर यादीतल्या (जिथे कामाला जाण्याआधी सरकारी परवानगीची तपासणी लागते अशा) १८ देशांत, म्हणजे आखातासह, नर्सेसची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फत व्हावी. केरळची नोर्का रूट्स आणि ओडेपेक ही त्यातली जुनी नावं. एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा, आणि गोव्याच्या एनआरआय व्यवहार कार्यालयात विचारा. इंग्लंडच्या बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांकडे नर्सकडून भरतीचे पैसे घेतच नाहीत.

लग्नानंतर सहा वर्षं घरी होते. परत येता येईल?

येईल. आधी कौन्सिलकडे नूतनीकरणाची चौकशी करा. राहिलेला दंड असेल तर भरा आणि क्रेडिटचे तास जमवायला लागा. मग लहान का होईना, ड्युटीवर रोज पेशंट दिसतील अशा ठिकाणी रुजू व्हा. आखातवाले 'खंड का पडला' विचारतातच, आणि त्याला ताज्या अनुभवाशिवाय दुसरं उत्तर नसतं. पहिल्या आठवड्यात इन्फ्यूजन पंपाची बटणं कळणार नाहीत. बरोबरच्या बावीस वर्षांच्या पोरीला विचारा, ती दाखवील. कॅन्युला मात्र तुमचीच पहिल्या झटक्यात लागेल.